मखमलीची राहिलेली शिवण

कोचकोर, सोमवार

साल्कीनताईस धाकट्या बुरुलचा आदरपूर्वक सलाम. तू कशी आहेस, भावजी कसे आहेत? (तुमच्या शहरात मेंढ्या नाहीत, म्हणून निदान मोटारीची तब्येत विचारते.) इकडे सगळे खुशाल, माझा अंगठा सोडून. मेंढ्या कोंडताना तो फाटकात सापडला आणि नख काळंनिळं झालं. तेही नेमकं आमच्या नाझिकच्या रुखवतातली गोधडी अर्धवट असताना! लग्न शुक्रवारी. आता नखाने दाबल्याशिवाय शिवण बसायची कशी? आमचे हे (घरकामाला हात लागण्याचा योग कितीतरी वर्षांनी आला) चमचा घेऊन बसले आणि शिवण राहिली बाजूला, चमचाच वाकवला. मग नाझिक म्हणाली, "आई, जग कुठे गेलं आणि तू नखाने शिवणी कसल्या घासतेस!" आणि तिने तापलेली इस्त्री मखमलीवर ठेवली. ताई, आईच्या बंडीच्या मखमलीवर! लव अशी बसली की वासराने चाटलंय म्हणावं. पोरगी रडली, मी रडले, ह्यांनी चहा केला, तोही करपवला.

तुला आठवतं ना, आई शिवायची आणि आपण समोरासमोर बसून शिवणी नखाने घासायचो? मी धसमुसळी, तू सावकाश. मग आई डोळे मिटून उलट्या बाजूने तळहात फिरवायची आणि जरा टोचलं की, "हे बुरुलचं!" म्हणून उसवायची. तुझं कधी उसवलं नाही. तेव्हा तुझा इतका राग यायचा! आता मात्र तो तळहात आठवला की मीच डोळे मिटून शिवणीवरून हात फिरवून बघते. आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आपण भांडून ती बंडी अर्धी अर्धी कापली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू आली नाहीस. असो. कामात असशील.

तुझी,
बुरुल

ता. क. तुझ्याकडचा अर्धा तुकडा घेऊन गुरुवारपर्यंत ये.

आणखी एक : नख केव्हाच बरं झालं. इस्त्रीही नुसती काठाला लागली होती, तो भाग शिवणीत लपेल. गोधडी पूर्ण झाली आहे, फक्त मधली जागा मोकळी ठेवली आहे. माझा अर्धा, तुझा अर्धा. शिवीन मी, दाबायची तू. आणि टोचलंच, तर "हे बुरुलचं" म्हण. मी भांडणार नाही.