शिपाई राउश याचे केस आणि माझे अर्धे वाक्य

प्रति,
मा. बटालियन प्रमुख,
रणगाडा दुरुस्ती बटालियन,
आल्टमोस छावणी, बव्हेरिया

विषय: माझ्या अहवालातील अर्धेच वाक्य वापरून शिपाई कोरबिनियन राउश यास केस कापण्याचा हुकूम दिल्याबद्दल तक्रार व तो हुकूम थांबवण्याची विनंती.

संदर्भ: (१) केसांविषयी मंत्रालयाचा गेल्या महिन्यातील हुकूम. (२) तिसऱ्या कंपनीच्या कार्यालयाने काल, दि. ५ जून १९७२ रोजी दिलेला नकार. (३) केसांच्या जाळ्यांविषयी माझा एप्रिलमधील अहवाल.

महोदय,

मी, हिनर्क ओल्टमान्स, सक्तीच्या सेवेतील शिपाई, रसायनशास्त्राचा पदवीधर. तिसऱ्या कंपनीच्या आरोग्यकक्षात मदतनीस म्हणून काम करतो आणि कंपनीतील शिपायांनी मला त्यांचा प्रतिनिधी म्हणून निवडून दिले आहे. तक्रार रागाच्या भरात लिहिली जाऊ नये म्हणून घटनेनंतर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, असा आपल्याकडे नियम आहे. ती रात्र मी जाऊ दिली. सकाळी उठल्यावर राग तेवढाच होता, वाक्ये मात्र जास्त नीट जुळत होती. म्हणून हा अर्ज.

१. गेल्या वर्षीपासून शिपायांना केस वाढवण्याची मुभा मिळाली आणि ज्यांचे केस लांब त्यांना सरकारने हिरवी जाळी दिली, हे आपणास माहीत आहेच. प्रतिनिधी या नात्याने या जाळीविषयी शिपायांची मते गोळा करण्याचे काम कंपनीनेच मला दिले होते. ती मते मी एप्रिलच्या अहवालात जशीच्या तशी लिहून दिली. चालक फाइट याचे म्हणणे, जाळी घातली की आपण रणगाड्यात बसलोय की कँटीनमध्ये सूप वाढायला उभे आहोत हेच कळत नाही. शरद ऋतूतल्या सरावात शेजारच्या देशाची तुकडी आली होती. त्यांच्यातल्या एकाने आमच्या रांगेपुढे टोपी काढून अगदी अदबीने विचारले होते, "ताई, कॉफी कुठे मिळेल?" याच्या उलट, ज्याचे स्वतःचे केस कायम दोन बोटे असतात तो यांत्रिक झेडलमायर म्हणाला की त्याला जाळी हवीच आहे, फिरत्या दांड्याजवळ वाकणाऱ्या माणसाचे केस मोकळे असले तर केसांमागून डोकेही जाईल, आणि ते उचलायला त्यालाच बोलावतील. लांब केस मुळातच नकोत म्हणणारेही निघाले. त्यांचीही मते मी गाळली नाहीत. माझे स्वतःचे केस शाळेपासून आखूड आहेत, तेव्हा या वादात माझ्या डोक्यावरचे काही जाणार नाही, हेही नोंदवतो.

२. त्याच सुमारास काही जणांच्या टाळूवर पुरळ उठले. डॉक्टर साहेबांनी मला जाळ्या तपासायला सांगितल्या. मी औषधांच्या तराजूवर जाळ्या आधी ओल्या व मग वाळवून तोलल्या, कोणाला पुरळ आहे व कोणाला नाही ते पाहिले आणि त्याच अहवालात पुढील वाक्य लिहिले:

"सतत ओली राहणारी जाळी टाळूस अपायकारक आहे, मात्र ज्या शिपायांकडे बदलायला दुसरी, कोरडी जाळी होती त्यांच्यापैकी एकालाही हा त्रास झालेला नाही."

त्याच पानावर पुढे असेही लिहिले होते की हेल्मेटच्या आतल्या चामडी पट्ट्याखाली तसेच पुरळ आखूड केसांच्या शिपायांच्या कपाळावरही दिसते. कपाळे काढून टाकावीत असा प्रस्ताव अद्याप कोणी दिलेला नाही.

३. आता शिपाई राउश. हा झेडलमायरच्या हाताखाली गिअरपेट्यांवर काम करतो. उंटरलाइटन गावचा. तेथे दर आठ वर्षांनी उन्हाळ्यात येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक होते. कोणे एके काळी गुरांची साथ थांबली तेव्हा गावाने हा नवस बोलला आणि तो आजवर मोडलेला नाही. नवसाची अट अशी की रंगमंचावर जे केस दिसतील ते डोक्यावर उगवलेले असावेत. टोप चालत नाही. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या दिवसापासून, गावातले पुरुष केस-दाढी वाढवू लागतात, आणि शेवटच्या प्रयोगाआधी जो कापेल त्याला या खेपेला तर नाहीच, पुढच्या खेपेलाही उभे राहता येत नाही. राउश आज एकवीस वर्षांचा आहे. पुन्हा संधी मिळेल तेव्हा तो सदतीस वर्षांचा असेल.

त्याला बरब्बाची भूमिका मिळाली आहे. लोकांनी येशूऐवजी ज्याला सोडून द्या म्हटले, तो कैदी. या भूमिकेला एकही वाक्य नाही. तो फक्त बांधलेला उभा राहतो आणि शेवटी त्याच्या दोऱ्या सोडतात. बोलायला काही नसल्यामुळे केस आणि दाढी एवढीच त्याच्याजवळची सामग्री आहे. सैन्यात दाखल झाला तेव्हा जाळीचा नियम लागू होता, म्हणून त्याने निश्चिंतपणे केस वाढवले. जाळी रोज धुतली, दुसरी जाळी स्वतःच्या पैशाने घेतली. त्याच्या टाळूवर पुरळ नाही. मी पाहिले आहे.

४. गेल्या महिन्यात मंत्रालयाने मुभा मागे घेतली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मंत्रालयाला माझ्यापेक्षा जास्त डोकी सांभाळायची असतात. परंतु खास कारण असल्यास थोड्या काळाची सूट देण्याचा अधिकार कंपनीला आहे असे आम्हाला सांगण्यात आले होते, म्हणून राउश याने तीन महिन्यांची सूट मागितली. पहिला प्रयोग २५ जूनला आहे आणि शेवटचा सप्टेंबरात.

काल दुपारी त्याला कार्यालयात बोलावले. प्रतिनिधी म्हणून मी सोबत होतो. आमचे सार्जंट-मेजर लुट्झेनबर्गर, ज्यांना रिवाजाप्रमाणे सगळे 'कंपनीची आई' म्हणतात, ते मनाने वाईट नाहीत. राउशला आजवर रजा त्यांनीच मिळवून दिली आहे. त्यांनी मार्ग सुचवला. म्हणाले, "अरे राउश, तुमच्या त्या नाटकात रोमन शिपाई असतातच की. ते गुळगुळीत दाढी करतात, केस आखूड ठेवतात. तू रोमन हो. कवायत तर तुला येतेच, तालीमसुद्धा नको."

राउश म्हणाला, "साहेब, रोमन शिपाई खिळे ठोकतात. हुकूम आला म्हणून."

सार्जंट-मेजर साहेबांनी कॅप्टन साहेबांच्या सहीचा नकार पुढे सरकवला, आणि त्यात मी स्वतःला वाचले: "आरोग्यकक्षाच्या तपासणीनुसार जाळी टाळूस अपायकारक आहे, सबब सूट देता येत नाही. येत्या शुक्रवारी न्हाव्याकडे हजर व्हावे." माझे वाक्य स्वल्पविरामापाशी कापले होते. 'सतत ओली राहणारी' हे शब्दही त्यातून भादरले गेले होते.

बाहेर आल्यावर राउश मला म्हणाला, "प्रशियन, तुझं अक्षर चांगलं आहे रे." इथले बव्हेरियन लोक उत्तरेकडच्या कोणालाही प्रशियन म्हणतात; मी उत्तर समुद्राकाठचा आहे, प्रशियन नाही, हे त्याला ठाऊक आहे. एरवी तो हे चिडवायला म्हणतो. काल तो चिडवत नव्हता.

५. दुसऱ्याच्या वतीने तक्रार करता येत नाही, हा नियम मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट करतो की ही तक्रार माझ्या स्वतःच्या नुकसानीची आहे. एका शिपायाकडून त्याच्या गावाने दिलेली जागा हिरावून घेण्यासाठी माझे काम वापरले गेले, आणि ते काम जे सांगत होते त्याच्या नेमके उलट वापरले गेले. पदवीच्या प्रयोगशाळेत एखाद्याने निष्कर्षाचा गैरसोयीचा अर्धा भाग गाळला असता तर त्याला दार दाखवले असते. येथे त्यावर शिक्का मारून ते आवक-जावक क्रमांकासह पाठवण्यात आले.

६. कारण आरोग्याचे असेल तर आणखी एक गोष्ट समजून घेण्याची मला मनापासून उत्सुकता आहे. शिपायाला दाढी ठेवायची मुभा आजही आहे. गॅसमास्कची कड गालावर बसते. दाढी असली की ती नीट बसत नाही आणि हवा आत शिरते. हे मी स्वतः सरावाच्या खोलीत डोळे चोळत अनुभवले आहे, माझ्या पुढे दाढीवाला फाइट खोकत होता. मानेवर रुळणारे केस मास्कच्या वाटेत येत नाहीत. म्हणजे ज्या केसांनी शिपाई मरू शकतो ते चालतात आणि ज्यांनी तो फार तर डोके खाजवेल ते चालत नाहीत. शिपायाने नीटनेटके दिसावे एवढेच कारण असेल तर तेही कारण आहे. ते तसे लिहावे. त्यावर वाद घालता येईल. विज्ञानाला मात्र त्यासाठी साक्षीला उभे करू नये.

७. मेमधील रजेत मी राउशबरोबर उंटरलाइटनला गेलो होतो. मी दुसऱ्या पंथाचा, मला नवसांतले फार कळत नाही. तालीम पाहायची उत्सुकता होती. दूधवाला, लोहार, पोस्टमन, सगळ्यांचे केस खांद्यावर. राउशच्या आईने जेवायला वाढता वाढता मला विचारले, "तुम्ही माझ्या मुलाच्या हातात बंदूक दिलीत तेव्हा आम्ही काही बोललो का? मग आमच्या नवसाच्या केसांवर तुम्ही का बोलता?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या दर्जाच्या शिपायाकडे नसणारच. आपल्याकडे असेल तर लेखी मिळावे, मी ते त्यांना पोचवीन.

सबब विनंती अशी:

अ) माझे वाक्य पूर्ण करावे, आणि ज्या ज्या कागदावर ते अर्धे गेले आहे तेथे उरलेला अर्धा भाग चिकटवावा.

आ) तक्रार केल्याने हुकूम आपोआप थांबत नाही, तो फक्त आपण थांबवू शकता. शुक्रवारच्या आत तो थांबवावा व शेवटच्या प्रयोगापर्यंत शिपाई राउश यास जाळीसह सूट द्यावी.

इ) हे मान्य नसल्यास केस कापण्याचे खरे कारण लिहून खाली सही करावी. 'आरोग्य' हा शब्द त्यात नसावा. माझ्या नावाने तो येथून पुढे वापरता येणार नाही, आणि पुढचा अहवाल मागितल्यास मी वाक्याच्या मध्ये स्वल्पविराम देऊन कापायला जागा ठेवणार नाही.

राउश याने शुक्रवारी न्हाव्यापुढे बसणार नाही असे मला सांगितले आहे. हुकूम मोडला तर शिक्षा होईल, छावणीबाहेर पडता येणार नाही आणि केस राखूनही २५ जून हुकेल, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, "मग केस असलेला कैदी होईन. भूमिका तीच आहे."

शेवटी एक माहिती, जी दडवणे मला योग्य वाटत नाही. अनेकांनी मिळून एक तक्रार करण्यास मनाई आहे. म्हणून या अर्जाखाली माझी एकट्याची सही आहे. आज दुपारच्या हजेरीनंतर मी माझे पूर्ण वाक्य आणि कार्यालयाचे अर्धे वाक्य कंपनीला शेजारी शेजारी वाचून दाखवले. ज्या अहवालाच्या जोरावर हा नकार दिला तो त्यांच्याच मतांचा आणि त्यांच्याच डोक्यांचा होता, हे त्यांना आजच कळले. चालक फाइट चिडला आहे. जाळीच्या बाजूने बोललेला झेडलमायर त्याहून जास्त चिडला आहे. मुळात लांब केसच नको म्हणणारेही चिडले आहेत; त्यांचे म्हणणे, मत आमचे होते, कार्यालयाने ते न वाचताच वापरले. मी कोणालाही काही लिहायला सांगितलेले नाही. फक्त नियम सांगितला: प्रत्येकाने आपापली तक्रार, आपापल्या हस्ताक्षरात, आणि मध्ये एक रात्र.

ते सगळे आता झोपायला गेले आहेत.

कंपनीच्या निवडीने प्रतिनिधी व आपल्या हुकमातील शिपाई,

(सही)
हिनर्क ओल्टमान्स
तिसरी कंपनी, आरोग्यकक्ष
आल्टमोस छावणी, दि. ६ जून १९७२

सोबत:
१. एप्रिलमधील अहवालाची प्रत, संपूर्ण.
२. केसांची जाळी, हिरवी, एक नग. धुतलेली व कोरडी. ती शिपाई राउश याची असून शुक्रवारपूर्वी त्याला परत हवी आहे.