वधूपक्षाच्या खोलीतल्या दोघी

९ एप्रिल २०२१, शुक्रवार

नोकरी लागली! बाबांनी खडकीहून स्कूटरवर आणून सोडलं. वाटेत तीन ठिकाणी पोलिसांनी अडवलं आणि तिन्ही वेळा पास बाहेर काढायच्या आधीच बाबांनी सांगून टाकलं, "मुलगी नर्स आहे." तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात काढली त्यांनी, पण त्यांचा इतका ताठ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बिबवेवाडीतलं एक मंगल कार्यालय घेऊन त्यात कोविडचं रुग्णालय थाटलंय. स्टेजवरचे सोनेरी खांब तसेच आहेत, खाली चाळीस खाटा. मला आतली छोटी खोली मिळाली. दारावर अजून 'वधूपक्ष' अशी पाटी आहे. स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण इथे ठेवतात, कारण ते मास्क ओढून काढतात, ओरडतात, बाकीच्यांची झोपमोड होते. सध्या दोघीच आहेत. इनचार्ज पद्मजा मॅडम म्हणाल्या, सोपी खोली दिलीय तुला, यांची तक्रार कुणी मनावर घेत नाही. मला हसू आलं.

११ एप्रिल, रविवार

दोघींशी गट्टी जमली. मुक्ताबाई करंदीकर निवृत्त शिक्षिका. सुई टोचायला गेले की विचारतात, "सतरा नवे किती?" आज मी चुकले, तर मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यांचा मुलगा माधव हिंजवडीला असतो, तो स्वतःच पॉझिटिव्ह होऊन फ्लॅटमध्ये बंद आहे.

मदिनाबी भवानी पेठेतल्या. त्यांचा मुलगा दादामियाँ पत्र्याच्या पेट्या बनवतो. त्या दिवसभर चादरीच्या कोपऱ्याच्या घड्या घालतात आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, दादू जेवला का? जेवला म्हटलं की समाधान. पुन्हा दहा मिनिटांनी तेच.

दोघी सारख्याच वाळलेल्या. मास्कच्या पट्ट्यांत अडकतात म्हणून दोघींचे केस बारीक कापलेत. मनगटावरची नावाची पट्टी दोघी तोडून टाकतात. मी गाऊनवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने नाव लिहायला सुरुवात केली. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

१५ एप्रिल, गुरुवार

दोन सिस्टर आजारी पडल्या. बारा तास मी एकटी. किटच्या आत घाम पायापर्यंत येतो, फेसशील्डवर वाफ धरते, समोरचं माणूस धुरकट दिसतं. दोघींना ताप चढलाय. मंगळवारपासून दोघीही बोललेल्या नाहीत. भिंतीवरचा एक ऑक्सिजनचा पॉइंट बिघडला म्हणून खाटा हलवाव्या लागल्या. त्याच गडबडीत दोघींना पुसून काढलं, गाऊन बदलले, नव्या पट्ट्या लावल्या. घरी फोन करायलाही त्राण नाही.

१७ एप्रिल, शनिवार

सकाळी अकराला मुक्ताबाई गेल्या.

माधवरावांना मीच फोन केला. शेवटी काही बोलली का, असं त्यांनी विचारलं. मी खोटंच सांगितलं, पाढे विचारत होत्या. ते हसले. मृतदेह गुंडाळला, गाडी विद्युतदाहिनीकडे गेली. ओळख पटवल्याच्या कागदावर सही माझी.

१८ एप्रिल, रविवार

मदिनाबींचा ताप उतरला. मी दलिया भरवत होते. दोन घास गेले. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला दटावून विचारलं, "सतरा नवे किती?"

वाटी हातातून पडली.

फाइल काढली. मदिनाबींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, मोठा व्रण आहे. मी चादर वर केली. गुडघा कोरा.

गाऊनवर माझ्या अक्षरात 'मदिनाबी'.

१९ एप्रिल, सोमवार

पद्मजा मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चहा संपवला. मग म्हणाल्या, "सांगा ना, जरूर सांगा. आधी त्या दादामियाँला सांगा, तुमच्या आईला आम्ही जाळलं. ऐन रमजानात. नंतर माधवरावांना सांगा, ती राख परत द्या. आणि हो, सही कुणाची आहे तेही सांगा."

बाहेर चाळीस जण खाटेसाठी रांगेत आहेत, असंही म्हणाल्या. जणू तेही माझ्यामुळेच.

मी बाबांचा विचार केला. पोलिसांसमोरचा त्यांचा आवाज. दोघांपैकी कुणालाही फोन केला नाही.

२० एप्रिल, मंगळवार

दादामियाँचा व्हिडिओ कॉल. मॅडमनी फोन लांब धरला, मुक्ताबाईंच्या तोंडावर मास्क तसाच. ते म्हणाले, अम्मी किती सुकली. मुक्ताबाई त्यांना म्हणाल्या, "माधव, शाळेला उशीर होतोय."

ते रडले. मला म्हणाले, "ताई, माझं नावसुद्धा गेलं का हो तिच्या डोक्यातून? आणि एवढं शुद्ध मराठी अम्मी कधी बोलत नव्हती." मॅडम म्हणाल्या, या आजारात असं होतं.

त्यांनी विश्वास ठेवला. कुणीही ठेवतं.

२२ एप्रिल, गुरुवार

मॅडमचा नवा नियम. नाव बरोबर सांगितल्याशिवाय घास द्यायचा नाही. ताट मी धरायचं.

नाव काय? मुक्ता करंदीकर. ताट मागे. नाव काय? मुक्ता. ताट मागे. दुपारी त्या शाळेतल्या मुलीसारख्या रडल्या. मला म्हणाल्या, "बाई, मला खरंच हेच येतं."

मी ताट मागेच धरलं.

२४ एप्रिल, शनिवार

आज सकाळी उत्तर आलं. मदिनाबी. हळू, प्रश्न विचारल्यासारखं, माझ्या तोंडाकडे बघत. मी भरवलं. अधाशासारखं खाल्लं. मग मी न विचारताच दिवसभर म्हणत राहिल्या. पाणी हवं, मदिनाबी. कूस बदलायची, मदिनाबी. सुई टोचली तरी मदिनाबी.

पाढे विचारत नाहीत आता.

२६ एप्रिल, सोमवार

डॉक्टर खूश. ऑक्सिजन काढला तर पातळी अजून झपकन खाली जाते, पण घरी सिलिंडर लावून चालेल म्हणाले. बुधवारी घरी सोडायचं. दादामियाँनी सिलिंडर मिळवलाय.

बुधवारी ते चेहरा बघणार. मास्क काढून. जवळून.

मॅडमनी मला कोपऱ्यात घेतलं. बुधवार यायला नको, म्हणाल्या. तू फक्त ऑक्सिजनचा नॉब बंद करायचा, उद्या दुपारी, बाकीच्या जेवायला जातात तेव्हा. वारल्यावर तोंड कुणी उघडून बघत नाही. ही दफन होईल. "दोघींचीही सोय लागली."

मी नाही म्हणाले.

त्यांनी माझ्या सहीच्या कागदाचा फोटो दाखवला. फोन परत खिशात ठेवला.

२७ एप्रिल, मंगळवार

सकाळी दादामियाँ फाटकाशी आले. एक दिवस आधीच. अम्मीसाठी धुतलेली ओढणी द्यायला. मी बाहेर गेले. सांगायचं ठरवून गेले होते. ते म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी दुआ मागतो रोज." मी ओढणी घेतली आणि आत आले.

दुपार, दोन वाजता

बंद केला.

लिहीत बसलेय, म्हणजे हात गुंतलेला राहील. नाहीतर नॉबकडे जाईल—

ओठ निळे पडताहेत. ऑक्सिजनचा आकडा ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. त्यांना वाटतंय काहीतरी चुकलं. उत्तर चुकलं म्हणून हवा मागे घेतली, ताटासारखी—

माझा डावा हात धरलाय. बरोबर उत्तर देताहेत. पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, हो बाई, बरोबर, बरोबर आहे—

हवा नाही आली. म्हणून आणखी मोठ्याने—

मदिनाबी. मदिनाबी. नॉब हातभर अंतरावर आहे. माझा हात उठत नाही. अजून माझ्याकडेच बघताहेत, अजून म्हणताहेत, मदिनाबी, मदिना, मदि—