पत्रातलं की वाऱ्यातलं?

३ मार्च
आज नको ते झालं! मी ज्या वसाहतीत लिफ्टच्या मदतीच्या फोनवर बसते, तिथे 'विश्वास' आणि 'सुरळीत' अशा दोन इमारती. कँटोनीजमध्ये दोन्ही 'स्युन'च, फरक फक्त सुराचा, म्हणजे आवाज किती वर-खाली त्याचा. आणि मला तो ऐकूच येत नाही. यंत्रणा जुनी, फोनवर इमारत दिसत नाही. म्हणून लिफ्टमध्ये कुणी अडकून घंटा दाबली की मी विचारायचे, "पत्रातलं स्युन की अनुकूल वाऱ्यातलं?" पत्राचं आणि विश्वासाचं अक्षर एकच, अनुकूल वाऱ्यात सुरळीतचं! हाँगकाँगात सगळेच अशी फोड करतात, त्यामुळे आजवर खपलं.

पण सोमवारपासून फुंग साहेबांचा हुकूम — "फालतू प्रश्न बंद! सूर ऐकायचा, माणूस पाठवायचा." आज चोय आजी अडकल्या. मी माणूस भलत्याच इमारतीत धाडला. पन्नास मिनिटं बिचाऱ्या अंधारात!

५ मार्च
फुंग साहेब, सगळ्यांसमोर — "क्वान, कान घरी ठेवून येतेस का? पुन्हा चुकलीस तर घरीच बस."
आपलीच भाषा आपल्याला ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि कामावरून काढलेल्या बाईला दुसरीकडे फोनवर कोण बसवणार?

९ मार्च
कान तपासायला विद्यापीठात जाऊन आले. जनुकांच्या तपासणीसाठी नळीत थुंकले, मग दोन तास हेडफोनवर सूर. तिथल्या बाई म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. काहींच्या जनुकांत जरा फरक असतो, जवळजवळचे सूर वेगळे काढणं त्यांच्या मेंदूला जड जातं. पण तुमचं त्यामुळेच, असं खात्रीनं नाही सांगता येणार."
म्हणजे साहेबांना दाखवायला चिठ्ठीही नाही. झालं!
आई बाजारात कायम बोट दाखवून भाजी मागायची. मी तिला हसायचे. आता फार वाईट वाटतंय.

१० मार्च
चार वेळा घंटा. चारही वेळा अंदाजानं पाठवलं. नशिबानं चुकलं नाही. पण रोज असं किती दिवस?

१२ मार्च
सुट्टी. चोय आजींची माफी मागायला एग टार्ट घेऊन निघाले — आणि लिफ्ट मध्येच बंद! घंटा दाबली.
माझ्या जागी फोनवर खुद्द फुंग साहेब. आवाज ओळखला नाही त्यांनी. मी मुद्दाम एवढंच म्हटलं, "स्युन इमारत."
पलीकडे ते "स्युन... स्युन..." पुटपुटले. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये असं —
"पत्रातलं की वाऱ्यातलं?"