सहाशे रेशमी बाळमोजे

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
२० जुलै १९९८

चि. कुंदन यास हिरामणमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जर्मनीतल्या जुन्या बाजारात तुला सहा गॅसबत्त्या सापडल्या हे वाचून छाती फुगली. इथं वरातीत जनरेटर आणि रंगीत नळ्या आल्यापासून माझ्या बत्त्या माळ्यावर गेल्या, आणि तिकडे गोरे लोक त्याच दिवाणखान्यात मांडून बसलेत. तुमच्या मंडळाच्या गणपतीची मिरवणूक बत्त्यांच्या उजेडात काढायची ही अक्कल तुला मामाकडून आली. आक्काला, म्हणजे तुझ्या आईला, हे सांगू नकोस. तिला वाटतं तुझ्यात चांगलं ते सगळं तिचंच.

तिकडचं मेंटल पिवळट जळतं म्हणतोस. जळणारच. बत्तीच्या पोटात पेटते ती जाळीची पिशवी आपलीच पाहिजे, तेव्हा कुठे दुधासारखा उजेड पडतो. तू दोन डझन मागितलीस, मी पन्नास डझन पाठवली. फोडलेलं खोकं पाठवणं या बत्तीवाल्याला शोभत नाही.

दीपमालाचा शालू बघायला तिला घेऊन मुंबईला गेलो होतो, तेव्हाच खोकं विमानाच्या मालात टाकलं. रांगेत पुढचे दोघे एजंट आपसात बोलत होते, की बत्ती, स्टोव्ह, रॉकेल असला शब्द कागदावर दिसला की माल पंधरा दिवस बाजूला पडतो, आणि लहान मुलांचे कपडे असले की साहेब वर न बघता शिक्का मारतो. तुला माझे कान माहीत आहेत. चतुर्थी पंचवीस ऑगस्टला, पंधरा दिवस कुठून आणू? मेंटल हातात घेऊन बघ, हुबेहूब तान्ह्या पोराचा मोजा. दीपमालाने सुवाच्य इंग्रजीत लिहिलं, सहाशे रेशमी बाळमोजे. साहेबाने वर न बघता शिक्का मारला.

तिचं लग्न नोव्हेंबरअखेर धरलंय. मुलगा साई, ओझरचा. त्याचे वडील भिमाजीराव विमानाच्या कारखान्यात तपासनीस आहेत. साखरपुड्याला त्यांनी पेढ्याच्या पुड्यावरची तारीख वाचली आणि मगच पेढा तोंडात टाकला. माणूस कडक आहे, पण घर सोन्यासारखं. पोरगीही साईचं नाव निघालं की आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जाते.

थंडीत कानटोपी घालत जा. तुझ्यावर जीव आहे, तो इथून पाठवायला शिक्का लागत नाही.

तुझा
हिरामणमामा


६ ऑगस्ट १९९८

ती. मामांस कुंदनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं खोकं आलं आणि विमानतळाचा एक अख्खा भाग बंद पडला.

हल्ली इथे मालाजवळ किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र ठेवतात. रशिया फुटल्यापासून कोण काय कशात घालून पाठवेल याचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून. तुमच्या खोक्यापाशी ते टिकटिकायला लागलं ते थांबेचना. त्यांनी कागद पाहिला. भारत, नाशिक, सहाशे बाळमोजे. भारताने मे महिन्यात अणुचाचणी केलेली त्यांना चांगली आठवते. मग पांढऱ्या अंगरख्यांतले चौघे आले आणि एकेक मोजा लांब चिमट्याने उचलून शिशाच्या पेटीत ठेवू लागले.

मला कामावरून बोलावून नेलं. बाळ कुठे आहे, असं विचारलं. माझं लग्न झालेलं नाही, म्हणालो. मग सहाशे मोजे कुणाला, असं विचारलं. मी सांगितलं की हे मोजे नाहीत, दिव्याची मेंटलं आहेत. त्यावर एक बाई शांतपणे म्हणाल्या, की मग एकतर कागद खोटा किंवा तुम्ही खोटे, कोणतं लिहू?

मामा, त्यांच्या तज्ज्ञाने समजावलं. मेंटलच्या कापडाला थोरियमचे क्षार लावतात, थोरियम थोडं किरणोत्सर्गी असतं, आणि पांढरा उजेड त्याचाच. इकडे ते वापरणं बंद झालंय, म्हणून इथला उजेड पिवळा. एकदोन मेंटलांनी कुणाचं काही बिघडत नाही, सहाशे एका खोक्यात कोंबली म्हणून यंत्र ओरडलं. त्यांना मालाची भीती उरलेली नाही. भीती आहे ती खोट्या नावाची. पाठवणाऱ्याने खरं नाव लिहून सहीनिशी कळवावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. ते लगेच पाठवा. फोन नको. फोनवर तुम्ही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलता.

मामींना नमस्कार, दीपमालाला चिमटा. माझ्यावरची माया तेवढी खऱ्या नावाने पाठवत जा.

आपला
कुंदन


१९ ऑगस्ट १९९८

चि. कुंदन यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी पेपर आला. पहिल्याच पानावर, की नाशिकच्या बाळमोज्यांतून किरणोत्सर्ग, परदेशी विमानतळावर घबराट. माझं नाव नव्हतं, पण पंचवटीतून मुंबईला खोकं कुणी नेलं हे सगळ्या गल्लीने पाहिलेलं.

अरे, पोखरणपासून इथं प्रत्येक पानवाला शास्त्रज्ञ झालाय. आमच्या कोपऱ्यावरच्याने चुन्याच्या डबीवर बोट आपटून दाखवलं की अणू असा फुटतो. बायकांनी पोरांच्या पायांतले मोजे काढून गोदावरीत टाकले. महापालिकेचा माणूस आला, तो म्हणाला की नदीत टाकू नका, पाणी बाधेल. तेव्हा त्यांनी ते काठावर जाळले आणि धूर लागला म्हणून पळत सुटल्या. रविवार कारंजावरच्या होजियरीवाल्याने पाटीच लावली, की आमचे मोजे साधे आहेत.

आपली भागीबाई, तीस वर्षं डोक्यावर बत्ती धरून वरातीत चालली, ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मालक, लय वर्सं मेंटलचा दोरा दातांनी वढला, आता मी रातची चमकंन का? मी म्हणालो, चमकलीस तर तुला दुप्पट मजुरी देईन. ती हसली नाही रे. माझंही हसू मग अर्ध्यातच राहिलं.

खरी गोष्ट पुढे आहे. ओझरहून निरोप आला, की लग्नाची तारीख तूर्त थांबवावी. कारण दिलं नाही. कारण काय असणार? सून घरात आणायची आणि सोबत अणुबॉम्ब, असं कुणाला आवडेल! दीपमाला दोन दिवस जेवलेली नाही. शालूची घडी तिने परत कागदात बांधून ठेवली.

मी सगळ्यांना सांगितलंय की मुंबईला माझं खोकं बदललं गेलं. भिमाजीरावांनाही तसंच कळवलंय. तूही तिकडे तेवढंच सांग. गर्दीत खोकी बदलतात, कुणालाही पटेल. लेखी सही मात्र मागू नकोस. सही केली की पोरीच्या सासऱ्यापुढे खोटारडा ठरलो.

मामाला सांभाळून घे. पुढच्या आशीर्वादांची आगाऊ नोंद करून ठेव.

हिरामणमामा


२९ ऑगस्ट १९९८

ती. मामांस शि. सा. न.

खोकं बदललं असं मी सांगणार नाही. बदललं म्हटलं तर ते खरं खोकं शोधायला लागतील, आणि मग मुंबईपासून पेठ-सुरगाण्यापर्यंत मोज्यांची झडती होईल. शिवाय मी इथे खोटं बोललो तर पकडला जाईन, यांना तेच ते चारदा विचारायची सवय आहे.

भागीबाईंना सांगा की घाबरू नका, पण दोरा दातांनी ओढणं आजपासून बंद. मेंटल बांधलं की हात धुवायचे, जळून गळलेली राख फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. हे त्यांना हसत सांगू नका.

मिरवणूक मेणबत्त्यांवर काढली. वारा सुटला. गणपती अंधारात गेले, आम्ही आवाजावरून मागे.

सही पाठवा, मामा. रागावलात तरी तुमचाच.

कुंदन


ओझर
८ सप्टेंबर १९९८

श्री. हिरामणराव यांस भिमाजीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण चार जणांकरवी विचारणा केलीत, की किरणांची भीती वाटून मी तारीख थांबवली काय. उत्तर लिहून देतो, म्हणजे पाचवा यायला नको.

मी सत्तावीस वर्षं कारखान्यात आहे, त्यातली नऊ वर्षं किरणांनी भाग तपासणाऱ्या विभागात काढली. मेंटलने आमचं यंत्र टिकटिकतं हे आम्हाला १९७९ सालीच ठाऊक झालं. दिवे गेल्यावर कुणी बत्ती आणली होती. आम्ही तो दिवस हसत काढला. तेव्हा पेपरातली बातमी वाचताच मला कळलं की खोक्यात मोजे नव्हते, मेंटलं होती. आणि मेंटलं होती म्हणजे खोकं आपलंच होतं. ते बदललेलं नाही.

आमच्याकडे रीत अशी, की भाग सदोष असला आणि त्याला लावलेली तपासणीची चिठ्ठी खरी असली, तर तो दुरुस्तीला जातो. भाग निर्दोष असला आणि चिठ्ठी खोटी असली, तर तो भंगारात जातो. लोकांना हे उलटं वाटतं. पण वर आकाशात गेल्यावर वैमानिकाजवळ फक्त चिठ्ठीच असते.

मला एवढंच हवं आहे. खोक्यावर काय लिहावं हे कुणी ठरवलं आणि कुणी लिहिलं? तोवर तारखेला आमची लाल चिठ्ठी लावलेली आहे. लाल म्हणजे नाकारलं असं नव्हे, थांबवलं.

साई नीट जेवत नाही. हे कळवायला त्याने मनाई केली आहे, म्हणून त्याच्या नकळत कळवतो. आपला स्नेह तपासून ठेवला आहे, तो योग्य भरला आहे.

आपला
भिमाजी


नाशिक
१४ सप्टेंबर १९९८

श्री. भिमाजीराव यांस हिरामणचा कृतानेक नमस्कार.

पितृपक्ष चालू आहे, चांगलं काही लिहू नये म्हणतात. हे चांगलं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

खोकं माझं. मेंटलं माझी. बाळमोजे हे नाव माझ्या डोक्यातून निघालं, रांगेत दुसऱ्यांचं बोलणं ऐकून. बदलाबदलीची गोष्टही मीच रचली. विमानतळाला आजच तसं लिहून सही केली आहे, आणि त्याचीच नक्कल इथल्या पेपरात नावानिशी छापायला दिली आहे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडतो.

साहेब, तुम्ही चिठ्ठीवर जगलात, मी गडबडीवर. विसाव्या वर्षी दुसऱ्याची बत्ती डोक्यावर घेऊन वरातीत चालायचो. पहिलं स्वतःचं काम मिळालं ते बारा बत्त्या आहेत असं सांगून, होत्या दोन. उरलेल्या दहा भागीबाईच्या ओळखीने चार गावांतून आणल्या आणि वरात वेळेवर निघाली. लोकांनी शाबासकी दिली. तेव्हापासून वाटत आलं, की काम झालं म्हणजे बोललेलं खरं झालं. पन्नाशी उलटेपर्यंत कुणी चिमट्याने उचलून बघितलं नाही.

आता राहिलं ते अक्षर. खोक्याच्या कागदावर अक्षर दीपमालाचं आहे, तेही लपवत नाही. पण ती तयार नव्हती. तीनदा म्हणाली, बाबा, हे मोजे नाहीत, असं लिहू नका. मी डोळे वटारले, तेव्हा तिने रडत लिहिलं. लाल चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधा, मी ती घालून नाशिकभर फिरेन. पोरीच्या गळ्यात नको.

स्नेह सदोष असला तर दुरुस्तीला पाठवा, भंगारात टाकू नका.

आपला
हिरामण


नाशिक
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय कुंदनदादास दीपमालाचा नमस्कार, वि. वि.

विमानतळाच्या चौकशीतून तुझी सुटका झाल्याचं कळलं. मेंटलं मात्र ते परत देणार नाहीत हे वाचून बाबा हळहळले, कोरी होती म्हणे.

बाबांचं निवेदन पेपरात छापून आलं. दोन दिवस ते दुकानात बसले नाहीत, तिसऱ्या दिवशी बसले. येणारा-जाणारा बाळ कसंय म्हणून विचारतो. बाबा सांगतात, बरंय, टिकटिक करतंय. भागीबाई आता पाण्याची बादली आणि साबण घेतल्याशिवाय मेंटलाला हात लावत नाहीत आणि बाबांनाही लावू देत नाहीत.

दसऱ्याला सोनं द्यायला साईचे वडील एकटेच आले. बाबा बाहेर गेले होते, आई चहा टाकत होती. त्यांनी खिशातून बाबांचं पत्र काढलं आणि मला म्हणाले, की यात तुझ्याविषयी जे लिहिलंय ते तू एकदा वाचावंस.

मी वाचलं. दादा, मी तीनदा नाही म्हणाले आणि रडत लिहिलं, असं बाबांनी लिहिलंय. मी एकदाही नाही म्हणाले नव्हते. रडण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांनी नुसतं बाळमोजे लिही म्हटलं होतं. मीच म्हणाले, बाबा, रेशमी टाकूया, भारी वाटेल. आम्ही दोघं त्या रांगेत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

म्हणजे कबुली द्यायला बसलेल्या बाबांनी त्यातही मला वाचवायला एक चिठ्ठी खोटी लावली. मी गप्प राहिले असते तर तारीख मिळालीच असती, ते दिसत होतं. पण साईच्या घरात जायचं आणि रोज सकाळी सासऱ्यांना चहा देताना ते वाक्य आठवायचं, हे माझ्याने झालं नसतं. मी सगळं सांगून टाकलं. रेशमीसकट.

त्यांनी पत्र परत घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. चहा गार झाला. मग विचारलं, की या पत्रात आणखी काही खोटं आहे का? मी म्हणाले, नाही, दोन बत्त्यांच्या बारासुद्धा खऱ्याच. तेव्हा त्यांनी पेन काढलं, ते तीनदा नाही म्हणाल्याचं वाक्य एका सरळ रेघेने खोडलं, वर माझं खरं वाक्य लिहिलं, बाजूला छोटी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मीही सही केली. त्याखाली त्यांनी लिहिलं, २९ नोव्हेंबर, रविवार. आणि मग माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

निघताना म्हणाले, की हे दुरुस्त केलेलं पत्र माझ्याच कपाटात राहील, हिरामणरावांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांना वाटू दे की लेक त्यांच्यामुळे वाचली. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, की सत्तावीस वर्षांत मी एकही दोष लपवलेला नाही, हा पहिला. तू कुंदनला लिही, तो लांब आहे. पण कारखान्यात कुणाच्या कानावर जाता कामा नये.

संध्याकाळी बाबा आले. तारीख ऐकून खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आईला म्हणाले, बघ, खरं बोललं की माणसाला मिळतं. मी आत जाऊन शालूचा कागद सोडला.

तू येच. मानपान काही नको, नुसता तू हवास.

तुझी
दीपमाला