स्टँड फळीवरनं पडला

सोम., ३ ऑगस्ट
माझ्या विभागातल्या देसाईनं येत्या शनिवारपर्यंतच्या सह्या आजच मस्टरवर ठोकल्यात. महिन्यात एक प्रॅक्टिकल घेतलं न्हाय गड्यानं, पोरं लॅबच्या दारात ताटकळत. केमिस्ट्रीचा विभागप्रमुख मी, म्हणजे शिव्या मला. सगळ्या सह्यांवर लाल रेघ ओढली. लई बरं वाटलं.

मंगळ., ४
देसाई लॅबमध्ये शिरला तो थेट माझ्या कॉलरीलाच झोंबला. "चौगुले, माझी नोकरी काय तुझ्या बापानं लावलीया व्हय?" बाप काढला. हाताला ब्युरेटचा लोखंडी स्टँड लागला, तोच हाणला तोंडावर. दोन दात पडले. फरशीभर रक्त. दुसरा घाव घालणार, तेवढ्यात शेवंतामावशीनं मागनं मिठी मारून धरलं. लॅब झाडणारी म्हातारी, पण काय जोर! ती नसती तर देसाई मेला असता आणि मी आत.

बुध., ५
नेसरी गावाकडनं देसाईचे भाऊ आले, जीप भरून. स्टाफरूमच्या काचा फोडल्या. "कुठं हाय त्यो मास्तर?" मी संडासात, कडी लावून, हातात ॲसिडची बाटली. दार उघडलं असतं तर डोळ्यांतच ओतलं असतं. आता आठवलं की स्वतःवरच थुकावंसं वाटतं.

शुक्र., ७
प्राचार्यांनी दोघांना समोर बसवलं. तपासणी समिती तोंडावर आलीय. "घरचं भांडण घरात." ठरलं: मारामारी झालीच न्हाय, स्टँड फळीवरनं पडला. देसाई तक्रार करणार न्हाय, मी त्याच्या सह्या मान्य करायच्या. हात मिळवला. मनगट पिरगाळावंसं वाटलं.
उठताना प्राचार्य म्हणाले, "फळीवर नीट ठेवायचं काम कुणाचं?"
शेवंतामावशीचं.

सोम., १०
मावशीचा सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, टेबलावर. अकरा वर्षं हंगामी, कायम करायचा प्रस्ताव याच महिन्यात. रकाना: कामातील दक्षता. प्राचार्यांचा निरोप, "निष्काळजी लिहा, पाचपर्यंत द्या." स्टँड पडल्याचा दोष कागदावर आला न्हाय, तर देसाई पोलिसात जातोय.
मावशी चहा घेऊन आली. फरशीच्या सांध्यातलं रक्त निघंना म्हणाली, ॲसिड मागितलं. दिलं.
"मावशी, तुमचा सीआर लिहायचाय."
"लिवा की सर. तुमी लिवणार म्हटल्यावर मला कसला घोर?"
पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
साडेचार झाले. रकाना कोराच. आत मावशी फरशी घासतीय.