आखूड शेपटीचा डायनासोर

९ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता असं तुम्ही सांगता, आणि पत्र लिहून देणारी आई खाली ‘साफ खोटं’ लिहून मोकळी होते. मी तिचंच खरं मानते.

आता कामाचं. संग्रहालयात आलेला तो मोठा दगड माझ्याच टेबलावर आहे. सुईने कण कण काढत त्यातला प्राणी मोकळा केला. तुम्ही घडवलेल्या डायनासोरचीच जात: जवळजवळ वीस कोटी वर्षांपूर्वीची, पाला खाणारी, पाठीवर हाडांच्या बारीक गाठींच्या रांगा. कवचवाल्यांच्या घराण्यातले हे अगदी पहिले. पण याचे पुढचे पाय मागच्यांहून आखूड आहेत आणि तोल धरायला शेपटी अंगापेक्षा लांब. म्हणजे हा दोन पायांवर पळायचा. तुम्ही दालनातला पुतळा केलात तेव्हा हाती चार सुटी हाडंच होती. शेपटी लांब धरली होतीत, पण भिंत आड आली म्हणून कापलीत; मग तो तोंडावर पडायला लागला, म्हणून पुढचे पाय वाढवून टेकवलेत. घरात आपण यावर किती हसलो आहोत.

संग्रहालयाचे साहेब मात्र हसत नाहीत. दालन नव्याने उघडण्याआधी पुतळा फोडायचा म्हणतात. मी एक वाट काढली आहे. खालची पाटी बदलून ‘नंतरच्या काळातला वंशज’ असं लिहायचं. मूर्तिकाराने लेखी मान्यता दिली तर साहेबांची हरकत नाही. एक ओळ पाठवा. तुमच्या हातचं तेवढंच काम इथे उरलं आहे.

आईस नमस्कार. रागावलात तरी लोभ असू द्यावा.

आपली,
धाकटी

१८ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ओळ पाठवत नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पत्र ऐकलं त्या दिवशी जेवलो नाही, तुझ्या आईची बोलणी खाल्ली. पण तुझी वाट ही आडवाट आहे. पुढे या घराण्यात कवच वाढत गेलं, अंग जड झालं, तेव्हा ते चार पायांवर आले. मग कुणाच्या पाठीवर उभ्या फळ्या, कुणाच्या शेपटीला गदा. हे तूच मला समजावलंस. ते कवचाच्या वजनाने टेकले, माझा टेकला भिंतीमुळे. पाटी बदलली की पोरंसोरं माझी भिंत शिकून घरी जातील. असा प्राणी कधी नव्हताच.

फोडा. फक्त पहिला घाव तू घाल. ज्याला कळतं त्याच्या हातून जावा, एवढंच.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे ध्यानात असू दे.

बाबा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोडला. पहिला घाव मी मानेवर घातला. प्लास्टर इतकं घट्ट निघालं की कामगार दिवसभर तुमच्या नावाने बोटं मोडत होते. मी टेबलापाशी जाऊन रडले, मग तोंड धुऊन कामाला लागले.

नवा पुतळा कोण करेल, असं साहेबांनी विचारलं. मी तुमचं नाव घेतलं. डोळ्यांचंही सांगितलं, लपवलं नाही. हाडांच्या प्लास्टरच्या प्रती पाठवू, हाताने चाचपून जमतं का बघू दे त्यांना, असं ते म्हणाले. प्रती आजच रवाना केल्या. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही.

माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पेटी आली. तुझी आई दोरी सोडते तोवर धीर धरवला नाही, फळीखालून हात घातला आणि बोट सोलून घेतलं. पाठीवरच्या त्या गाठींना वर धारेसारखा कणा आहे आणि खालून त्या पोकळ आहेत. मी भरीव केल्या होत्या. एवढ्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं.

करतो, असं साहेबांना कळव. मापं तू घ्यायचीस. मला आता दिसत नाही, तेव्हा चुकलो की तिथल्या तिथे सांगायचं. लेक म्हणून गप्प राहिलीस तर चालणार नाही. हाच माझा आशीर्वाद समज.

बाबा