फेतूच्या गाडीखालचा डबा

१ ऑगस्ट, गुरुवार
नवी वही. निश्चय दोनच. फेतूच्या गाडीचं गळणारं ऑइल बंद करायचं, आणि गावातल्या कोलोने नावाच्या मेकॅनिकचा सल्ला घ्यायचा नाही.
फेतू, माझा थोरला भाऊ, एप्रिलमध्ये गेला. आमच्या रीतीप्रमाणे घरापुढेच त्याची कबर, कबरीशेजारी काँक्रीटच्या ओट्यावर त्याची गाडी. गाडी वर्षभरापासून गळते. वय झालंय बिचारीचं, असं फेतू म्हणायचा. लुसिआ वहिनी एकोणीस तारखेच्या बोटीने मोठ्या बेटावर जाणार, तिथून विमानाने ऑकलंडला मुलीकडे. कायमची. काल म्हणाली, भावजी, तोवर गळायचं थांबलं तर गाडी तुमची. नाही तर कोलोने सुट्या भागांसाठी न्यायला तयार आहे.
फेतूची गाडी सुट्या भागांसाठी! मी फक्त हसलो. अठरा दिवस म्हणजे भरपूर झाले.

३ ऑगस्ट, शनिवार
गाडीखाली शिरलो. ऑइलचा चेंबर कडेने ओला. म्हणजे पॅकिंग सैल, यात शंकाच नाही. सगळे बोल्ट आवळले. ऑइल फिल्टर तपासायची गरज नव्हती, तो गेल्या वर्षी मी स्वतः बदललाय. तो दिवस लख्ख आठवतो. काम अर्ध्यावर आणि संध्याप्रार्थनेचा शंख वाजला. शंखानंतर गावात कोणी बाहेर दिसता कामा नये, त्यात मी चर्चचा डीकन. डीकनचे पाय गाडीखालून बाहेर आलेले बरे दिसत नाहीत. झटकन नवा फिल्टर फिरवून बसवला आणि दुसरा शंख व्हायच्या आत गुडघे टेकले. देवाचा हात होता त्यात.
गळती बंद. दोन दिवसांचं काम एका दुपारीत.

४ ऑगस्ट, रविवार
रविवारी कामाला हात लावायचा नाही. नुसतं वाकून बघणं म्हणजे काम नव्हे. ओट्यावर ताटलीएवढा काळा डाग. जुनं ऑइल निथळत असणार.
डागाशेजारी बांगडा माशाचा रिकामा डबा. फेतू असाच डबा लावायचा. वाऱ्याने आला असेल. उचलून कचऱ्यात टाकला.
प्रवचनात लक्ष लागलं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार
डबा परत. बरोबर थेंबाखाली. पाव डबा ऑइल.
मात्र ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेला! म्हणजे माझ्या दुरुस्तीचा गुण आतून येतोय. बाहेरून दिसायला वेळ लागेल.

८ ऑगस्ट, गुरुवार
काल डबा तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, वाफ्यामागे पुरला. आज सकाळी दुसरा डबा, त्याच जागी. ख्रिस्ती माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी आज गाडीकडे पाठ न करता घरात आलो. उलटा चालत. वहिनी पायरीवर तारो सोलत होती. म्हणाली, भावजी, पायात काटा मोडलाय का? हो म्हणालो.

१० ऑगस्ट, शनिवार
चेंबर उतरवला, नवं पॅकिंग घातलं, तेच ऑइल गाळून परत भरलं. सगळं चोख. एक बोल्ट उरला. जास्तीचा देत असावेत.

१२ ऑगस्ट, सोमवार
डबा. ऑइल. पट्टी वरच्या खुणेलाच.
कोलोने रस्त्यात भेटला. एसेरा, गाडी अजून मुतते का रे, म्हणाला. मी म्हणालो, गळतं, पण कमी होत नाही. तर हसत सुटला. म्हणाला, मग तुमच्या ओट्यावर विहीर लागली म्हणायची. दुबईच्या तेलवाल्यांना कळव, विमानं इकडे वळवतील. अशा माणसाशी काय बोलायचं.
पाद्रीबाबांच्या शाळेत ऐकलेली गोष्ट आठवली: संदेष्टा येतो आणि गरीब विधवेच्या कुपीतलं तेल सरतच नाही. आमच्याकडे विधवा आहे. तेल आहे. संदेष्टा कोण, ते मी लिहिणार नाही. नम्रता हवी.

१४ ऑगस्ट, बुधवार
पहाटे बॉनेट वाजलं. एकदा हळू, एकदा जोरात. गाडीचं बॉनेट तसंच बसतं आणि ती खुबी फेतूलाच ठाऊक. मला अजून जमत नाही.
बाहेर गेलो नाही. भीती नव्हे, गुडघा धरला होता.
उजाडल्यावर कबरीवर फुलं ठेवली. विचारलं, फेतू, काय राहिलंय तुझं? मला का दाखवतोस? मी तर तुझं कधी काही बिघडवलं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
तीनच दिवस. बोल्ट पुन्हा आवळले, एकाचे आटे गेले. वहिनीची बॅग दारात बांधून तयार. उपवास केला. संध्याकाळी नीरफणस खाल्ला, तो उपवासाला चालत असावा.

१७ ऑगस्ट, शनिवार
वहिनीने मला न विचारता कोलोनेला बोलावलं. त्याने अख्खं इंजिन रॉकेलने पुसलं, वर लहान मुलांची पावडर भुरभुरली आणि गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली. मला म्हणाला, गळती खाली शोधायची नसते बाबा, ऑइल वरून खाली ओघळतं. पांढऱ्या पावडरीवर एकच काळी रेघ उतरली. फिल्टरपासून.
फिल्टर काढला. रबराच्या दोन रिंगा, एकावर एक. जुनी इंजिनलाच चिकटून राहिलेली, नवी तिच्यावर चढवलेली. कोलोने म्हणाला, कुठल्या गाढवाने बसवलाय हा?
मी म्हणालो, फेतूच्या वेळचा आहे.
वहिनी तिथेच उभी होती. आत गेली, ऑइलचा अर्धा कॅन आणून बॉनेटवर ठेवला. म्हणाली, रोज पहाटे मीच घालते. डबाही मीच लावते. फेतू करायचा, म्हणून करत राहिले. शेवटपर्यंत म्हणायचा, एसेराला सांगू नकोस. शंख वाजत होता, पोराने घाईत का होईना, जीव लावून केलंय.
कोलोनेने मान खाली घालून जुनी रिंग काढली, फिल्टर बसवला आणि चेंबरचं रिकामं भोक दाखवून उरलेला बोल्ट मागितला. दिला.

१९ ऑगस्ट, सोमवार
वहिनीला फेतूच्या गाडीतून धक्क्यावर सोडलं. ओटा दोन दिवस कोरडा, म्हणून किल्ली माझ्याकडे. बोटीत चढताना म्हणाली, पट्टी बघत जा, भावजी. आणि बॉनेट आधी हळू, मग जोरात. पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. बोटीचा भोंगा वाजला.
येताना कबरीपाशी थांबलो. फिल्टर मी बसवला होता, असं मोठ्याने सांगितलं. त्याला ठाऊक आहे म्हणा.

२० ऑगस्ट, मंगळवार
पहाटेपासून जागा. बॉनेट वाजलं नाही.
काल झोपण्याआधी डबा मीच लावून ठेवला होता. उजाडल्यावर वाकून पाहिला.
कोरडा.